उल्हास खोऱ्यातील नळयोजना आणि मलनिःसारण : बदलापूरच्या वाढीच्या संदर्भात

एखाद्या गावाचे शहर होऊ लागले म्हणजे त्याची पहिली मागणी नळाची असते आणि शेवटची गटाराची. हा क्रम मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पाणी न मिळाल्याची झळ त्याच दिवशी, त्याच घरात लागते. सांडपाणी नीट न गेल्याचा परिणाम मात्र काही काळाने, आणि पुष्कळदा दुसऱ्याच्याच दारात, प्रकट होतो. परंतु नगरव्यवस्थेच्या दृष्टीने नळ आणि गटार या दोन स्वतंत्र सोयी नसून एकाच अभिसरणाची ती दोन अंगे होत. घरात आलेले पाणी घराबाहेर जातेच. ते कोणत्या वाटेने जावे, एवढेच काय ते ठरविणे आपल्या हाती असते.

प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील बदलापूरच्या उदाहरणावरून या दोन अंगांचा परस्परसंबंध स्पष्ट करावयाचा आहे. हे उदाहरण घेण्यास एक विशेष कारण आहे. उल्हास नदीच्या काठी बदलापूर मध्यावर वसलेले आहे. त्याच्या वरच्या अंगास कर्जत, नेरळ, वांगणी ही वाढती गावे आहेत आणि खालच्या अंगास अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण ही दाट वस्तीची शहरे आहेत. म्हणजे नदीच्या बाबतीत बदलापूर एकाच वेळी घेणारेही आहे आणि देणारेही आहे. वरच्यांनी काय सोडले याची चिंता त्याला करावी लागते, आणि आपण काय सोडतो याचा जाब त्याला खालच्यांना द्यावा लागतो.

१. गाव, स्थानक आणि शहर

मूळचे बदलापूर गाव उल्हासच्या सान्निध्यातले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५४ साली कल्याणास पोहोचला आणि १८५६ साली तो पुढे पळसदरीपर्यंत नेण्यात आला. या मार्गावरील स्थानकाभोवती कुळगावच्या बाजूस नवी वस्ती जमू लागली. आजच्या नगरपरिषदेच्या ‘कुळगाव-बदलापूर’ या जोडनावात ही दोन्ही गावे एकत्र नांदत आहेत. जुन्या गावाची गरज विहीर, नदी आणि घराभोवतीची मोकळी जमीन यांवर भागत असे. मोरीचे पाणी परसातल्या केळीला किंवा अळवाला जाई आणि जमीन ते पचवी. वस्ती विरळ असेतोवर ही व्यवस्था अपुरी नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. ती मोडली ती गावकऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. माणसे वाढली आणि परस नाहीसे झाले, म्हणून.

शेजारच्या वस्त्यांचा इतिहास निराळा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराला नाव नदीचे मिळाले, परंतु छावणीसाठी उभारलेल्या बराकींत एक संपूर्ण नगर सामावून घेण्याची तरतूद नव्हती. अंबरनाथची वाढ मुख्यतः कारखान्यांमुळे झाली. बदलापूरची वाढ या दोहोंच्या मागून, मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदार कुटुंबांच्या स्थलांतरामुळे झाली.

१९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा अंबरनाथ व बदलापूर तिच्या हद्दीत होती. १९९२ साली ती वगळण्यात आली आणि त्यांचा स्वतंत्र कारभार सुरू झाला. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ साली ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. दहा वर्षांत तीन चतुर्थांशांहून अधिक वाढ, ही कोणत्याही नळयोजनेचा अंदाज चुकविणारी गोष्ट होय. २०११ साली अंबरनाथची लोकसंख्या सुमारे २ लाख ५३ हजार आणि उल्हासनगरची सुमारे ५ लाख ६ हजार होती. म्हणजे उल्हास व तिची उपनदी वालधुनी यांच्या काठची ही तीनच शहरे धरली, तरी नऊ लाखांहून अधिक माणसांच्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा हा प्रश्न आहे.

२. उल्हासचे पाणी कोठून येते

या भागात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. एवढा पाऊस असता पाण्याची टंचाई का भासावी, असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर असे की हा पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, सह्याद्रीचा उतार तीव्र असल्याने तो वेगाने समुद्राकडे धावतो, आणि खालचा काळा पाषाण त्यातील फारच थोडा अंश पोटात साठवितो. जुलै २०१९ मध्ये बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली आणि सुमारे एक हजार उतारूंची सुटका करावी लागली. त्याच नदीच्या काठी एप्रिल-मे महिन्यांत पाणीकपातीची वेळापत्रके लागतात. विपुलता आणि टंचाई ही येथे एकाच नदीची दोन रूपे आहेत.

उन्हाळ्यातही उल्हास वाहती राहते, त्याचे एक कारण पुष्कळांस ठाऊक नसते. मावळातील आंद्रा नदीवर टाटांच्या जलविद्युत योजनेचे ठोकरवाडी धरण आहे. ही आंद्रा नदी इंद्रायणीची उपनदी, म्हणजे तिचे पाणी स्वभावतः भीमेकडे व पुढे कृष्णेकडे जाणारे. १९२२ पासून ते सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली भिवपुरीच्या वीजगृहात आणले जाते आणि वीज निर्माण झाल्यावर उल्हासच्या खोऱ्यात सोडले जाते. बदलापूरच्या नळाला वैशाखात येणाऱ्या पाण्यात घाटमाथ्यापलीकडचा हा वाटा मोठा असतो.

दुसरा आधार बारवी धरणाचा. उल्हासची उपनदी असलेल्या बारवीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हे धरण बांधले आणि त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढविली. शेवटच्या वाढीनंतर २०१९ च्या पावसाळ्यात ते पूर्ण उंचीपर्यंत भरले. त्याची साठवणक्षमता सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरांवरून सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरांवर गेली. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून खाली येते, ते उचलून जांभूळ येथे शुद्ध केले जाते, आणि तेथून औद्योगिक वसाहतींना व उल्हासनगरसह अनेक शहरांना पुरविले जाते. ही वाढीव साठवण फुकट मिळालेली नाही. तिच्यासाठी मुरबाड तालुक्यातील गावे आणि पाडे पाण्याखाली गेले व तेथील कुटुंबांना घरदार सोडावे लागले. शहरात वाहून गेलेल्या प्रत्येक बादलीची ही किंमत कोणी तरी आधीच चुकती केलेली आहे, हे पाण्याच्या हिशेबात मांडले जात नाही; परंतु ते विसरताही कामा नये.

बदलापूर व अंबरनाथ यांना मुख्यतः महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून पाणी मिळते. बदलापूरजवळ उल्हासवरील बंधाऱ्यातून, ज्याला सर्वजण ‘बॅरेज’ म्हणतात, पाणी उचलून ते शुद्धीकरण केंद्रात नेले जाते. त्याच नदीवर पुढे शहाड येथून ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदर या शहरांसाठी, आणि मोहने येथून कल्याण-डोंबिवलीसाठी पाणी उचलले जाते. एका नदीवर इतके ओंजळी लावणारे असल्यामुळे पावसाळा लांबल्यास पाणी १५ जुलैपर्यंत पुरविण्याचा हिशेब घालून सर्वांनाच कपात सोसावी लागते. नव्या साठवणीच्या योजनाही पुढे येत आहेत. कर्जत तालुक्यातील पोशीर व शिलार या प्रकल्पांस राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली मान्यता दिली. पाण्याचा ओघ वाढणार हे उघड आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे.

३. नळाचे गणित

केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संघटनेने घालून दिलेल्या मानकाप्रमाणे, भुयारी गटारे असलेल्या किंवा ती होऊ घातलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरावे. जेथे नळ आहेत पण भुयारी गटारे नाहीत तेथे माणशी ७० लिटर धरावे. या दोन आकड्यांतील भेद विचार करण्यासारखा आहे. अधिक पाणी हा केवळ अधिक सुखाचा प्रश्न नाही. वाढीव पाणी वाहून नेण्याची सोय असेल तरच ते द्यावे, हे तत्त्व त्या मानकातच गृहीत धरलेले आहे. जे शहर १३५ लिटरांवर हक्क सांगते, त्याने त्याच वाक्यात गटाराची जबाबदारीही स्वीकारलेली असते.

बदलापूरची २०११ ची लोकसंख्या घेऊन हिशेब करून पाहू. १ लाख ७४ हजार माणसांना प्रत्येकी १३५ लिटर म्हणजे दररोज सुमारे २ कोटी ३५ लाख लिटर. वाटेत गळती होतेच; ती शंभरात पंधरापर्यंतच रोखता आली असे मानले, तरी शुद्धीकरण केंद्रातून सुमारे २ कोटी ७६ लाख लिटर पाणी निघाले पाहिजे. लोकसंख्या दुप्पट झाली की हे आकडे दुप्पट होतात. परंतु नदीतील उन्हाळी पाणी आपोआप दुप्पट होत नाही.

पाणी उचलल्यावर त्यात तुरटी मिसळतात. तिच्यामुळे गढूळपणाचे सूक्ष्म कण एकत्र येऊन जड होतात व निवळणीच्या टाकीत तळाशी बसतात. नंतर वाळूच्या थरांतून पाणी गाळले जाते आणि शेवटी क्लोरीन देऊन ते उंच जलकुंभांत चढविले जाते. ग्राहकाच्या नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असा दंडक आहे. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे वाटेवरचा पहारेकरी होय.

पहारेकऱ्याची गरज का पडते, हे समजून घेतले म्हणजे नळ आणि गटार यांचा पहिला संबंध ध्यानी येतो. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठराविक तासच सोडतात. नळ चालू असताना वाहिनीत दाब असतो. सांध्यात भेग असली तर पाणी बाहेर झिरपते. पुरवठा बंद झाला की वाहिनी रिकामी होऊ लागते, दाब उलटतो, आणि त्याच भेगेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. घरगुती जोडणीची नळी उघड्या गटारातून किंवा त्याच्या कडेने गेलेली असेल, तर आत येणारे पाणी कोणते असेल हे सांगावयास नको. केंद्रात कितीही निर्मळ केलेले पाणी गटारातून प्रवास करून घरी येत असेल, तर शुद्धीकरणावरचा खर्च अर्धा वाया गेला असे समजावे. म्हणून नळयोजनेच्या विस्तारात केवळ नव्या वाहिन्या पुरेशा नाहीत. जुन्या जोडण्या गटारातून बाहेर काढणे आणि दाब अखंड राहील असे लहान पुरवठा विभाग पाडणे, ही कामे नवे धरण बांधण्याइतकीच महत्त्वाची आहेत.

४. जितके आले, तितके जाणार

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारणतः शंभरात ऐंशी भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो, असे धरण्याची रीत आहे. वरील उदाहरणात २ कोटी ३५ लाख लिटरांचे सुमारे १ कोटी ८८ लाख लिटर सांडपाणी होईल. म्हणजे सेकंदाला सरासरी २१८ लिटर. परंतु सकाळच्या दोन-तीन तासांत अवघे गाव एकाच वेळी उठते, अंघोळ करते, धुणे-भांडी करते. त्यामुळे या आकाराच्या शहरात गटारे सरासरीच्या सव्वादोन पट प्रवाहासाठी, म्हणजे सेकंदाला सुमारे ४९० लिटरांसाठी आखावी लागतात.

नळातील पाणी दाबाने चालते. ते चढही चढते. गटारातील पाणी उताराने चालते. त्याला चढ चालत नाही. मलवाहिनीत घन पदार्थ बसू नयेत यासाठी प्रवाहाचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर राहावा लागतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीला हा वेग मिळावा म्हणून साधारणतः अडीचशे मीटर लांबीस एक मीटर उतार द्यावा लागतो. म्हणजे सपाट जमिनीवर एक किलोमीटर अंतर जाता जाता वाहिनी चार मीटर खोल जाते. बदलापुरात मातीचा थर पातळ आणि खाली पाषाण कठीण. तेव्हा प्रत्येक मीटर खोलीची किंमत चढत जाते. शेवटी एखाद्या सखल जागी विहीर करून पंपाने पाणी वर उचलावे लागते व पुन्हा उताराला लावावे लागते. ही उदंचन केंद्रे विजेवर चालतात, आणि वीज गेली की सांडपाणी थांबत नाही, ते जवळच्या नाल्याकडे वळते. लोहमार्गाने दुभागलेल्या गावात ही आखणी आणखी अवघड होते.

येथे दुसरा संबंध दिसतो. गटाराला वेग हवा तर त्यात पुरेसे पाणी हवे. ज्या वस्तीला नळाचे पाणी अपुरे मिळते तेथे भुयारी गटार बांधले तरी ते साचते आणि तुंबते. नळाशिवाय गटार चालत नाही आणि गटाराशिवाय नळ झेपत नाही, असे हे परस्परावलंबन आहे.

भुयारी गटार नसेल तेथे इमारतींना सेप्टिक टाकी असते. या टाकीचे कार्य पुष्कळदा गैरसमजाने मोठे मानले जाते. तीत मैला तळाशी बसतो व त्यातील काही भाग कुजून विरघळतो. बाहेर पडणारे पाणी मात्र शुद्ध नसते. ते जमिनीत जिरावे अशी अपेक्षा असते. परंतु पातळ मातीखाली पाषाण असलेल्या आणि पावसाळ्यात चार महिने भिजून गेलेल्या जमिनीत ते जिरणार कोठे? चार घरांच्या वाडीस जी टाकी पुरते, तीच चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीखाली घातली म्हणजे तिचे पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात जाते, आणि पावसाळी गटारांची वाट सरळ नदीला मिळते.

सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य पचविताना सूक्ष्म जीव पाण्यातील प्राणवायू वापरतात. या गरजेच्या मापाने सांडपाण्याचा दोष मोजतात. घरगुती सांडपाण्यात हे प्रमाण लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम असते. शुद्धीकरण करून पिण्यास घ्यावयाच्या नदीच्या पाण्यात ते ३ मिलिग्रॅमांहून अधिक नसावे, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वर्गीकरण सांगते. केवळ नदीच्या प्रवाहात विरळ करून हा दोष घालवावयाचा, तर सांडपाण्याच्या ऐंशी पटींहून अधिक संपूर्ण निर्मळ पाणी लागेल. म्हणजे वरील उदाहरणातील शहराला नळाने जेवढे पाणी दिले, त्याच्या साठ पटींहून अधिक पाणी त्याचा मैला झाकण्यासाठी नदीत राखून ठेवावे लागेल. ज्या नदीत उन्हाळ्यात थेंबाथेंबाचा हिशेब होतो, तिच्याकडून ही अपेक्षा करणे व्यर्थ होय. ‘वाहते पाणी आपोआप शुद्ध होते’ ही जुनी समजूत विरळ वस्तीच्या काळात खरी होती. आजच्या आकड्यांपुढे ती टिकत नाही.

५. एकाचे गटार, दुसऱ्याचा उगम

वालधुनीची कथा येथे सांगितली पाहिजे. अंबरनाथच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावलेली ही लहान नदी अकराव्या शतकातील शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून वाहते आणि अंबरनाथ, उल्हासनगर या शहरांतून जाऊन कल्याणजवळ उल्हासला मिळते. ज्यांनी ते मंदिर नदीकाठी बांधले त्यांच्या दृष्टीने ते वाहते पाणी तीर्थ होते. गेल्या काही दशकांत तिच्यात घरगुती मैला, रासायनिक कारखान्यांचे पाणी आणि जीन्सचे कापड धुणाऱ्या उद्योगांचे रंग मिसळत गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये नदीत रसायने ओतली गेल्याने उल्हासनगरात वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास झाला. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाविषयी ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि २०१५ साली लवादाने संबंधित पालिका व औद्योगिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना नदीच्या पुनरुज्जीवनासाठी रक्कम भरण्याचा आदेश दिला. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी सिद्ध केली, तीत मोहने ते बदलापूर हा उल्हासचा पट्टाही होता. हाच पट्टा अनेक शहरांच्या पाण्याचा उगम आहे, ही त्यातील गंभीर बाब होय. उन्हाळ्यात या पात्रावर जलपर्णीचा जो हिरवा गालिचा पसरतो, तो सांडपाण्यातील पोषक द्रव्यांनीच पोसलेला असतो.

उल्हासनगरातील खेमाणी नाल्याचा प्रश्न याच जातीचा. या नाल्याचे सांडपाणी उल्हासमध्ये, पाणी उचलण्याच्या ठिकाणांच्या परिसरात मिसळत असे. अखेर ते अडवून, पंपाने उचलून, शुद्धीकरण केंद्राकडे वळविण्याचे काम महानगरपालिकेस हाती घ्यावे लागले. गटार आधी आखले असते तर जे काम उताराने झाले असते, ते मागाहून विजेच्या खर्चाने करावे लागते, हा त्यातील धडा आहे.

उगम आणि गटार यांची गाठ पडली म्हणजे काय होते, याचे आपल्या देशातील ठळक उदाहरण दिल्लीचे आहे. १९५५ सालच्या पुरानंतर यमुनेच्या प्रवाहाने वळण बदलले. नजफगड नाल्याचे मैलापाणी, जे वजिराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेच्या खाली नदीला मिळत असे, ते उलट सरकून त्या जागेपर्यंत आले. त्यानंतरच्या डिसेंबर-जानेवारीत शहरात काविळीची प्रचंड साथ उद्भवली. सुमारे २९ हजार ३०० जणांना उघड कावीळ झाली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की पाण्यात क्लोरीन दिला जात होता, त्याची मात्राही वाढविली होती, आणि विषमज्वरासारख्या रोगांची साथ आली नाही. परंतु काविळीचा विषाणू मात्र त्या पहाऱ्यातून निसटला. गाळणी आणि क्लोरीन यांच्या जोरावर कसलेही पाणी पिण्याजोगे करता येईल, हा भरवसा त्या साथीने खोटा ठरविला.

याच्या उलट बाजूचे उदाहरण जर्मनीतील हॅम्बुर्गचे. १८४२ च्या आगीनंतर या शहराने उत्तम भुयारी गटारे बांधली. परंतु एल्ब नदीचे पाणी ते न गाळताच नळांना देत राहिले. १८९२ च्या पटकीत तेथे आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्याला लागूनच, नदीच्या खालच्या अंगास असलेले आल्टोना हे शहर हॅम्बुर्गच्या मैल्याने दूषित झालेलेच पाणी घेत होते. पण ते वाळूतून गाळून घेत असल्यामुळे पुष्कळ अंशी बचावले. दिल्लीत पाण्यावर प्रक्रिया होत होती पण गटार उगमाशी भिडले. हॅम्बुर्गात गटार होते पण नळाचे पाणी गाळले जात नव्हते. दोहोंचा निष्कर्ष एकच : यांपैकी एकच अंग भक्कम करून भागत नाही.

६. कारभाराची विभागणी

तांत्रिक दृष्ट्या जे एक आहे, ते कारभारात मात्र अनेक ठिकाणी विभागलेले आहे. आंद्राचे पाणी वीज कंपनीच्या वीजगृहातून येते, बारवी धरण औद्योगिक महामंडळाचे, नदीतील पाण्याचे वाटप पाटबंधारे खात्याकडे, बदलापुरातील नळ जीवन प्राधिकरणाकडे, गटारे नगरपरिषदेकडे, आणि कारखान्यांचे सांडपाणी पुन्हा महामंडळ व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या कक्षेत. जीवन प्राधिकरणाची पूर्वज संस्था १९७६ च्या कायद्याने निर्माण झाली तेव्हा तिच्या नावात पाणीपुरवठा आणि मलनिःसारण हे दोन्ही शब्द होते; १९९७ साली तिचे नाव बदलले. परंतु नळाचे बिल एकीकडे आणि गटाराचा खर्च दुसरीकडे, अशी स्थिती असली म्हणजे पाणी देणाऱ्यास सांडपाण्याचा भार दिसत नाही, आणि सांडपाणी नेणाऱ्यास पाणी किती वाढणार हे कळत नाही.

२००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात बदलापूरच्या भुयारी गटार योजनेस साहाय्य मिळाले. अशा योजनांत सरकारी अनुदान बांधकामास मिळते. चालविण्याचा खर्च मात्र गावाने दरवर्षी सोसावयाचा असतो. वीज, रसायने, दुरुस्ती, प्रशिक्षित कर्मचारी यांची तरतूद नसेल तर प्रक्रिया केंद्र ही केवळ एक वास्तू उरते. तसेच मुख्य वाहिनी रस्त्याखालून गेली म्हणून घरे तिला जोडली गेली असे होत नाही. इमारतीच्या टाकीपासून वाहिनीपर्यंतचे शेवटचे काही मीटर कोणी, कोणाच्या पैशाने जोडावयाचे, या वादात मोठमोठी केंद्रे अर्ध्या क्षमतेने चालल्याची उदाहरणे देशभर आढळतात.

मानवी बाजूही सांगितली पाहिजे. हाताने मैला उपसण्याची प्रथा २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही तुंबलेल्या वाहिन्यांत व टाक्यांत उतरलेल्या कामगारांचे विषारी वायूने मृत्यू होतात. अपुऱ्या उताराचे, अपुऱ्या पाण्याचे आणि कचऱ्याने भरलेले गटार शेवटी एखाद्या माणसालाच आत उतरावयास लावते. आखणीतील चुकीची शिक्षा आखणी करणाऱ्याला होत नाही, ती या माणसाला होते.

७. विस्ताराचा क्रम

वरील विवेचनावरून विस्ताराच्या क्रमाविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की प्रत्येक नव्या पाणीवाटपाबरोबर त्याच्या ऐंशी टक्के सांडपाण्याची वाट व प्रक्रिया कोठे होणार, हे त्याच मंजुरीत नोंदले जावे. दुसरी अशी की गळती रोखणे हा पाण्याचा सर्वांत जवळचा नवा उगम मानावा. वाचविलेल्या पाण्यासाठी कोणाचेही गाव बुडवावे लागत नाही. तिसरी अशी की नव्या वसाहतींत रस्ता पक्का होण्यापूर्वी मलवाहिनी जमिनीखाली गेली पाहिजे, आणि इमारतीस वापराचा दाखला देताना नळाइतकीच गटाराची जोडणीही तपासली पाहिजे. चौथी अशी की प्रक्रिया केलेले सांडपाणी बागा, बांधकामे व कारखाने यांना देता येते. तसे झाल्यास तेवढे शुद्ध पाणी नळांसाठी मोकळे होते.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण ती एका गावाच्या हाती नाही. कर्जत-नेरळपासून कल्याणपर्यंतच्या सर्व पालिका व ग्रामपंचायती यांचा हिशेब एकत्र मांडला गेला पाहिजे. बदलापूरने आपले सर्व सांडपाणी शुद्ध केले तरी वांगणी-नेरळच्या वाढत्या वसाहतींचे पाणी त्याच्या बंधाऱ्यात येणारच; आणि त्यांनी ते शुद्ध केले तर त्याचा पहिला लाभ बदलापूरला होईल, त्यांना नव्हे. नदीकाठी प्रत्येक गाव खर्च करते तो खालच्या गावासाठी आणि फळ खाते ते वरच्या गावाच्या खर्चाचे. अशा व्यवहारात कोणी एकट्याने सुरुवात करावी, ही अपेक्षा फलद्रूप होणे कठीण. म्हणून नदीचे खोरे हेच नियोजनाचे क्षेत्र धरणे आवश्यक ठरते.

नळयोजनेचे यश आपण आजवर किती घरांत पाणी पोहोचले यावरून मोजत आलो. उल्हास खोऱ्याचा अनुभव सांगतो की ते मोजण्याची योग्य जागा दुसरीच आहे : शहराच्या खालच्या अंगाला, जेथे नदी शहराचा निरोप घेते तेथे. तेथले पाणी पुढच्या गावाने भीती न बाळगता उचलावे असे असेल, तर ती योजना पूर्ण झाली असे म्हणावे.